‘ट्रॅव्हल’ हे क्रियापद माहुरात कसे चालवावे

प्रस्तुत मार्गदर्शिका इंग्रजीतल्या ‘ट्रॅव्हल’ या एकाच क्रियापदाला वाहिलेली आहे. हे क्रियापद स्वभावाने गरीब. भूतकाळात जाताना ‘गो’सारखी सोंगं करत नाही. ‘गो’चं ‘वेंट’ कसं होतं, हा प्रश्न मी पाचवीच्या वर्गात कधी निघू दिला नाही. ‘गो, वेंट, गॉन’चा घोष इतक्या जोरात चालवला की प्रश्नाला शिरायला फटच राहू नये. (खरं उत्तर सोपं आहे. ‘वेंट’ हे ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं पोर, ‘गो’च्या घरी दत्तक गेलेलं.) ‘ट्रॅव्हल’ला मात्र शेवटी ‘ड’ जोडला की काम भागतं. लिहिताना ‘एल’ दोन घालावेत. अमेरिकेत एकावर भागवतात. त्यांचं त्यांनी बघावं.

मार्गदर्शिका लिहिण्याचं तातडीचं कारण म्हणजे माझा भाचा. जून २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्या पहिल्याच खेपेतला हा. माहुरात वाढला, आता हिंजवडीत कामाला आहे. इन्स्टाग्रामवर त्याच्या नावाखाली ‘ट्रॅव्हलर’ असं लिहिलेलं आहे. मनाली झाली, गोकर्ण झालं, बालीला जाऊन दरीवर टांगलेल्या झोपाळ्यात बसून झालं. माहूरचा विषय काढला की म्हणतो, “मामा, लई आडबाजूला पडतं हो.” ज्या गावात त्याचं बारसं झालं, ज्या गावात त्याची आई अजून राहते, ते गाव आडबाजूला, आणि बाली हमरस्त्यावर. त्याचं नाव मी इथे देत नाही. अक्काने, म्हणजे त्याच्या आईने, हे वाचलं तर तिला कळेलच.

नियम पहिला : हे क्रियापद आहे, हे आधी विसरावं.

नांदेड-लातूरकडे ट्रॅव्हल हे नाम आहे. स्त्रीलिंगी आहे, एकवचनातही ‘ट्रॅव्हल्स’ असंच चालतं, आणि ते संध्याकाळनंतर सुटतं. ‘ट्रॅव्हल्स लागली का?’, ‘ट्रॅव्हल्स हुकली’, ‘रातच्या ट्रॅव्हल्सनं आला पोरगा’ ही वाक्यं शुद्ध समजावीत. खासगी गाड्यांच्या पाट्यांवर मालकाच्या किंवा देवाच्या नावापुढे ‘ट्रॅव्हल्स’ लिहिलेलं असतं. लोकांनी देव आणि मालक दोघांना वगळून शेपूट तेवढं उचललं. त्याचे परिणाम वर्गात भोगावे लागतात. स्विफ्टच्या पुस्तकाचं नाव मी फळ्यावर लिहिलं, ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ही कुठून सुटते?” मी गंभीरपणे सांगितलं की ही १७२६ साली लंडनहून सुटली, आणि वाटेत चार ठिकाणी थांबते.

या नामाच्या पोटात शिरून पाहिल्याशिवाय क्रियापद कळत नाही, म्हणून नांदेड-पुणे स्लीपरची एक रात्र अभ्यासक्रमात सक्तीची आहे. वरची बर्थ घ्यावी. वर चढायला लोखंडी पायरी असते. तिच्यावर एकच पाय मावतो आणि दुसरा खालच्या माणसाच्या उशीवर जातो. पडद्याच्या सहा कड्यांपैकी दोन निघालेल्या असतात, त्या नेमक्या तोंडासमोरच्या. चादरीला आदल्या प्रवाशाच्या खोबरेल तेलाचा वास येतो. मोबाइल चार्ज करायचं बटण असतं, खाली दिवा लुकलुकतो, वीज मात्र येत नाही. मध्यरात्री, नुकता डोळा लागलेला असताना, सगळे दिवे एकदम लागतात आणि क्लीनर ओरडतो, “धा मिन्टं! धा मिन्टं! लघवी, चहा!” दहा मिनिटांची पस्तीस होतात, कारण ड्रायव्हरचं जेवण धाब्यावर फुकट असतं आणि फुकटचं जेवण घाईने जेवत नसतात. २०१८ मध्ये सरकारने ठरवलं की खासगी गाडीने एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये. दिवाळीच्या तोंडावर बुकिंगच्या ऑफिसात हा नियम मोठ्याने वाचून दाखवावा. इंग्रजीचा नसला तरी उच्चारांचा सराव होतो.

आता व्युत्पत्ती. ‘ट्रॅव्हल’ आणि कष्ट या अर्थाचा ‘ट्रॅव्हेल’ हे मुळात एकच. फ्रेंचांकडे ‘त्रावाय’ म्हणजे काम, आणि त्याच्याही मागे लॅटिन ‘त्रिपालियुम’, म्हणजे तीन खुंटांचं, माणसाला बांधून छळण्याचं साधन. कोशकारांनी हे जुने ग्रंथ चाळून शोधलं. वरच्या बर्थवर आडवे झाले असते तर तीन खुंट पाठीलाच मोजता आले असते.

नियम दुसरा : ‘टू’ कुठे घालावा.

‘ट्रॅव्हल टू माहूर’ म्हणावं. ‘व्हिजिट माहूर’ म्हणताना ‘टू’ घालू नये. ‘अ ट्रॅव्हल’ असं काही नसतं; मोजायची असेल तर ट्रिप मोजावी. माणसाशिवाय प्रकाश, आवाज आणि बातमी यांनाही हे क्रियापद चालतं. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर ट्रॅव्हल करतो. कुणाच्या पोराचं लग्न मोडल्याची बातमी त्याहून थोडी मागे असते. बास्केटबॉलमध्ये चेंडू टप्पा न देता हातात धरून पावलं टाकली की त्याला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात आणि चेंडू समोरच्यांना देऊन टाकतात. पुणेकर भाच्यांनाही हा नियम लावता आला तर बरं होईल.

नियम तिसरा : चालू वर्तमानकाळ जपून वापरावा.

इंग्रजीत ‘आय अॅम ट्रॅव्हलिंग’ म्हणजे गाडी हलली आहे. आपल्याकडे तसं नाही, आणि माहूरला तर दोन चालू वर्तमानकाळ आहेत. नांदेडकडचा माणूस म्हणतो ‘येऊलालो’. धनोड्याचा पूल ओलांडून पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात गेलं की तोच माणूस ‘येऊन राहिलो’ होतो. आमच्या गावात दोन्ही चालतात, कारण नदी तिन्ही बाजूंनी आहे आणि सोयरीक चारही. अभ्यासकाने फरक असा ध्यानात ठेवावा : ‘येऊलालो’ म्हणणारा अजून घरात चपला शोधत असतो. ‘येऊन राहिलो’ म्हणणारा अंघोळीला बसलेला असतो. पुढे पूर्वेला तेलंगणाची हद्द लागते, तिथले पाहुणे यातलं काहीच म्हणत नाहीत. ते न सांगता येऊन उभे राहतात, आणि तेवढेच वेळेवर पोचतात.

नियम चौथा : रोजच्या जाण्यायेण्याला ‘ट्रॅव्हल’ म्हणू नये. त्याला ‘अप-डाऊन’ म्हणावं.

हे आमचं स्वतःचं इंग्रजी क्रियापद आहे. रेल्वेने अप आणि डाऊन अशा दोन वेगळ्या गाड्या दिल्या होत्या, आम्ही त्यांचं लग्न लावलं. साहेबाला ‘आय अप-डाऊन फ्रॉम नांदेड’ असं सांगितलं तर तो जिना शोधेल. त्याचा शब्द ‘कम्यूट’. तो कोशात आहे, माहूरच्या एसटी स्टँडवर अजून आलेला नाही.

चालवण्याची रीत अशी. मी अप-डाऊन करतो, तू अप-डाऊन करतोस, मॅडम अप-डाऊन करतात, साहेब दौऱ्यावर असतात. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, नर्सबाई, बँकेतले कॅशियर, सगळे कागदावर मुख्यालयी राहतात. त्याबद्दल घरभाडं भत्ता मिळतो, लागला तर ग्रामसभेचा ठरावही मिळतो. प्रत्यक्षात ते किनवटला, पुसदला, उमरखेडला, काही धाडसी जीव थेट नांदेडला राहतात. पाच-सहा जण मिळून एक गाडी लावतात. मधल्या सीटवर कोण, मागे कोण, गाडी लागते म्हणून खिडकी कोणाची, हे सेवाज्येष्ठतेने ठरतं. ‘आज डाऊनला गाडी नाही’ हे वाक्य दुपारी तीनला उच्चारलं गेलं तर शाळेत सुतक पाळल्यासारखं होतं. आमच्याकडे एक सर होते, गणिताचे, माणूस सज्जन. चौथ्या तासाला त्यांची मान सडकेकडे वळायला लागे आणि सहाव्या तासापर्यंत पूर्ण वळलेली असे. शेवटचा तास इंग्रजीचा, म्हणजे माझा. माझ्या कितीतरी कविता त्यांच्या गाडीच्या हॉर्नने संपल्या. कवीने जिथे संपवल्या होत्या त्यापेक्षा काही वेळा ते बरंही वाटे.

अप-डाऊनवाल्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की या प्रथेचं दैवत माहुरातच आहे. दत्तात्रेयांचा दिनक्रम प्रसिद्ध आहे : स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. काशी ते कोल्हापूर हजारावर किलोमीटर आणि तिथून माहूर पाचशेच्या वर, तेही रोज, आणि गाडी न लावता. पण दत्तप्रभू आणि बाकीचे यांच्यातला फरक बघा. बाकीचे दिवसा माहुरात असतात आणि रात्री दुसरीकडे. प्रभू दिवसभर बाहेर असतात आणि रात्री मुख्यालयी. माहूरला नेमाने मुक्कामी राहणारे ते एकटेच कर्मचारी, आणि त्यांना भत्ता नाही. महानुभाव मंडळी निद्रास्थान म्हणून गावातलं देवदेवेश्वर दाखवतात, इतर लोक वर शिखराकडे बोट करतात. झोपेबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे. देवाने अंघोळीची आणि जेवणाची सोय दुसऱ्या गावांत केली आणि आमच्याकडे फक्त झोप ठेवली, यावरून काय बोध घ्यायचा तो ज्याने त्याने घ्यावा. मला तर हा गावाचा सन्मान वाटतो. झोप घरीच लागते.

नियम पाचवा : ‘माय जर्नी’ हे शब्द टाळावेत. विशेषतः नोकरी सोडताना.

नियम सहावा : सामान आणि मागे वळून पाहणे.

‘ट्रॅव्हल लाइट’ म्हणजे सामान कमी घ्यावं. या बाबतीत आमच्या गावाची परंपरा उलट आहे. परशुराम इथे आला तो कावड घेऊन. एका पारड्यात वडिलांचं पार्थिव, दुसऱ्यात आई रेणुका. चाकं असलेली बॅग ओढत ‘बॅकपेन’ म्हणणाऱ्यांनी हे वजन मनाशी तोलून पाहावं. दत्तात्रेयांनी इथेच अंत्यविधी करायला सांगितलं, परशुरामाने बाण मारून मातृतीर्थ काढलं, आणि रेणुका सती गेली. पुढे आईच्या आठवणीने तो रडायला लागला, तेव्हा आकाशवाणी झाली की आई डोंगरातून प्रकट होईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याने पाहिलंच. तोवर मुख तेवढं वर आलं होतं, म्हणून गडावर आईच्या मुखाचीच पूजा होते आणि प्रसादाला कुटलेला विडा मिळतो. साडेतीन शक्तिपीठांतलं एक अख्खं पीठ हे असं एका लेकराच्या उतावीळपणातून झालेलं आहे. आईची वाट बघताना ज्याला धीर निघाला नाही, त्या लेकराबद्दल भाच्याला दोन वेळा गोष्ट सांगून झाली आहे. तो म्हणाला, “मामा, मस्त कंटेंट आहे.”

कंटेंटचंही आमच्याकडे आधीच झालेलं आहे. चक्रधरस्वामी कुठे गेले, कुठे बसले, कुठे जेवले, हे लीळाचरित्रात आहे. एवढ्यावर न थांबता महानुभावांनी स्थानपोथी म्हणून वेगळा ग्रंथ ठेवला, त्यात कोणत्या गावी कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला स्वामी थांबले याची टिपणं. लोकेशन टाकणं म्हणतात ते हेच. फरक एवढाच की त्या मंडळींनी स्वतःचा चेहरा मध्ये आणला नाही. संन्याशाने एका जागी ठिय्या देऊ नये, फिरत राहावं, याला त्यांच्याकडे ‘अटन’ म्हणतात. त्यात नाश्ता समाविष्ट नसतो.

परत येण्याचाही एक दाखला देऊन ठेवतो. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घरची रायबागण १६६१ मध्ये मोगलांच्या कारतलबखानाबरोबर पार कोकणात उतरायला निघाली होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी सगळ्यांना कोंडलं, तेव्हा शहाणपणाची गोष्ट या माहूरच्या बाईनेच खानाला सांगितली : शरण जा आणि परत फिर. पुढची सगळी बुकिंगं रद्द करून माघारी येण्यात लाज नसते.

नियम सातवा : ज्यांना हे क्रियापद लागू होत नाही.

अक्का ट्रॅव्हल करत नाही. ती ‘जरा जाऊन येते’. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या गावच्या भूगोलात फरक पडला. पूर्वी किनवटला जायचं तर आठ दिवस आधी घरात चर्चा, मग कुणीतरी सोबतीला, मग तेही रद्द. आता अक्का सकाळी पुसदला ब्लाउजपीस बदलायला जाते आणि दुपारच्या गाडीने परत येऊन भाकरी टाकते. नांदेडला कुणाच्या तरी जाऊबाईंच्या बहिणीच्या डोहाळजेवणाला जाते. बसमध्ये तिच्या ओळखी होतात, त्या ओळखींच्या घरी पुन्हा जाणं होतं. पंचाहत्तरी गाठली की पूर्ण फुकट आहे, हे तिला पाठ आहे, आणि ती वयाकडे आयुष्यात पहिल्यांदा आशेने बघू लागली आहे. पुण्याला लेकाकडे जातानाही ती ट्रॅव्हल्स घेत नाही. “त्येला अर्धं नाही,” म्हणते. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात धपाटे, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी; पुण्याला पोचेपर्यंत डबा ती खाली ठेवत नाही. लेकाचा फोन येतो तेव्हा तो विमानतळावर असतो.

आणखी एक वर्ग राहिला. माहूर-किनवटच्या तांड्यांवरची पोरं दिवाळीनंतर हजेरीपटावरून हळूहळू कमी होत. आईबाप ऊसतोडीला जायचे, लेकरं बरोबर. हजेरीत आम्ही ‘स्थलांतरित’ लिहायचो. एप्रिलमध्ये ती परत येत, पाचाटाने हात चिरलेले, आणि ‘गो, वेंट, गॉन’ त्यांना माझ्याशिवाय येत असे. घरात गोरमाटी, बाजारात तेलुगू-उर्दू, शाळेत मराठी, उसाच्या फडात त्या-त्या भागाची बोली; तिच्यावर माझं इंग्रजी म्हणजे वर ठेवलेली पिशवी. त्यांच्यापैकी कुणालाही मी ‘ट्रॅव्हल’वर निबंध लिहायला दिला नाही. ‘माय फेव्हरिट हॉबी’ मात्र दरवर्षी असायचाच; पाठ्यपुस्तकात होता.

प्रात्यक्षिक

‘आडबाजू’ या आक्षेपाचं उत्तर देऊन टाकतो. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. माहूर ज्या निजामी राज्यात होतं, त्याने १९३२ मध्येच सरकारी बस सुरू केल्या होत्या. म्हणजे पुणेकर जेव्हा बसची वाट बघत होते तेव्हा हैदराबादच्या रस्त्यांवर कंडक्टर सुट्टे पैसे मागत होता.

आता, भाच्या, यायचं कसं ते. पुण्याहून रेल्वेने नांदेड. तिथून एसटी : एक वाट भोकर, हिमायतनगर, किनवट अशी जंगलातून, सागाच्या सावलीने. दुसरी हदगाव, उमरखेड, महागाव करून धनोड्याच्या पुलावरून. नांदेड जिल्ह्यातल्या गावी जायला यवतमाळ जिल्ह्यातून जावं लागतं, यावर वाटेत विनोद करू नये, कंडक्टरने ते सगळे ऐकलेले असतात. मुंबईहून निघालास तर नंदीग्राम एक्स्प्रेस थेट किनवटला सोडते. पावसाळ्यात पैनगंगेला पाणी असलं तर आधी फोन करावा, पुलावर उभं राहून नव्हे. नवरात्रात यायचं असेल तर खासगी गाड्या खालीच अडवतात आणि गडावर एसटीनेच जावं लागतं. रांगेत ढकलाढकली होते, कुणाच्या तरी ओटीचा नारळ पायावर पडतो. राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला आलास तर चालायचे बूट आण, ते बालीचे नकोत. दत्तजयंतीला थंडी असते, स्वेटर आणावा. अक्काकडे एक जादा गोधडी आहे, पण ती तिने माझ्यासाठी ठेवलेली आहे.

स्वाध्याय

१. चुका दुरुस्त करा : ‘ही डिड अ ट्रॅव्हल अँड व्हिजिटेड टू बाली.’

२. ‘अप-डाऊन’चा भविष्यकाळ लिहा. (बदली झाली असल्यास लिहू नका.)

३. जोड्या लावा : काशी, कोल्हापूर, माहूर, झोप, अंघोळ, जेवण.

४. इंग्रजीत भाषांतर करा : “आई, डबा पाठवत जाऊ नकोस, इथं सगळं मिळतं.” हे वाक्य कशासाठी उच्चारलं जातं, ते दोन ओळींत सांगा.

५. पुढील वाक्य शुद्ध करा : ‘मामा, बघू, लीव्ह मिळाली तर ट्रॅव्हल करतो.’ (या वाक्यात दुरुस्तीला वाव नाही. ते पूर्ण खोडावं, त्या जागी ‘येऊलालो’ लिहावं, आणि चपला घातल्यावरच पाठवावं.)